ज्यांच्या तासिका कमी

विषय — निवासी शाळेच्या बालसंरक्षण अधिकाऱ्यांना पदावरून तात्काळ दूर करण्याबाबत. संदर्भ — मी स्वतः, तुमच्या खिडकीसमोर उभा. चेष्टा नाही ताई, जन्मभर कारकुनी केली, तोंड उघडलं की आधी विषय-संदर्भच बाहेर पडतात. अर्ज सकाळीच दिलाय, तुम्हीच शिक्का मारलात. तो तेवढा आत शिक्षणाधिकारी साहेबांच्या टेबलावर न्या — एवढंच. या परक्या मुलुखातल्या कचेरीत माझी भाषा कळणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून खिडकी सोडत नाही.

मी कोण? स्वयंसेवक. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, मी परदेशात येऊन शाळांची धोरणं सांभाळायला घेतली. सून म्हणाली, "बाबा, समोरचं दूध उतू गेलेलं तुम्हाला दिसत नाही —" बरोबरच बोलली. तर मुलांच्या सुरक्षेचं धोरण लिहिलं, इतकं चोख की स्वल्पविरामालाही पळवाट नाही. शाळेत एक संरक्षण अधिकारी, तक्रारपेटीची किल्ली त्याच्याकडे. नेमायचा कोण? मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्यांच्या तासिका कमी, ते. सगळीकडे असंच ना? लसीकरण, सहल, बागेतली गांडुळं — ज्याच्या तासिका कमी त्याच्या गळ्यात. खेळाच्या सरांच्या कमी होत्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या — सगळेच वाजवत होते.

मग सहावीतल्या एका पोरीनं पेटीत चिठ्ठी टाकली. सरांबद्दलच. पेटी उघडली कोणी? सरांनीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाच्या वह्या मागवल्या — खेळाच्या सरांनी, वह्या! — आणि अक्षर ताडून पाहत बसले. पोर तशीच उठली आणि माझ्यापाशी आली. का, तर भिंतीवरच्या फलकावर माझा फोटो आहे, खाली लिहिलंय, "बोला, आम्ही ऐकतो." आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, बाळ, तक्रार संरक्षण अधिकाऱ्यांकडे द्यायची असते. तिनं फलकावरचं ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं. तसं आजवर मला कुणी — जाऊ द्या.

मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्या म्हणाल्या, अधिकाऱ्याविरुद्धच तक्रार असेल तर काय, असं कलम दाखवा. नाहीच, तर दाखवू काय? कुंपणच शेत खातं ही म्हण मला पाठ आहे ताई, कलमात घालायची राहिली. आता अधिकारी बदलायचा तर तुमच्या साहेबांनीच.

साहेब जेवायला गेलेत? मग आल्या आल्या न्या. उद्या नको, आजच. संध्याकाळी वसतिगृहात हजेरी असते, पोर दिसली नाही तर — नाही, म्हणजे असेलच ना ती, जाणार कुठे — हे बघा, खोटं बोलणं मला जमत नाही. ती माझ्या घरमालकीणबाईंकडे आहे. स्वयंपाकघरात मटार सोलतेय. मीच आणली. तिची आई बोटीवर स्वयंपाकाला असते, फोन लागत नाही. दुसरं कुणी नाही. मालकीणबाई तिला नजरेआड होऊ देत नाहीत, मलासुद्धा दारातच थांबवतात — आणि योग्यच करतात. हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. आं?

फोन कशाला उचललात? पोलिसांना लावताय? लावा, खुशाल लावा, मला घेऊन जाऊ देत, तिथे निदान कुणी लिहून तरी घेईल — त्यांना नाही? मग? … हो, नियम आहे. "गैरहजर मुलाचा ठावठिकाणा कळताच प्रथम शाळेच्या संरक्षण अधिकाऱ्यास कळवावे." माझंच वाक्य. पण अहो, अधिकारी म्हणजे तोच — इतका वेळ मी काय सांगतोय? — ठेवा तो फोन, पाया पडतो तुमच्या — बरं, बोला, अर्जावरचा माझा पत्ता तेवढा नका देऊ, ताई, पत्ता नका —

दिलात.

सरका हो, जाऊ द्या मला, घरी पोचायचंय — त्याच्याआधी. आणि ताई, माझा अर्ज?

प्रलंबित.