नावाचा दगड

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले सरपंच माननीय भगवानराव, बदलीवर निघालेले आपले फादर बेनेडिक्ट, व्यासपीठावरील मान्यवर आणि राळेगावची शेवटची एसटी सोडून इथं थांबलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

महिला मंडळातर्फे मी, कोकिळा, चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला. गोड बोला, असंही बजावलं गेलं. प्रयत्न करते.

फादरांनी आमच्या पोरांना शिकवलं, आजाऱ्यांना स्वतः दवाखान्यात नेलं. ते मी विसरत नाही. पण आजच्या स्मरणिकेत टेकडीवरच्या मरियामातेच्या चॅपलचा इतिहास छापलाय. तो सुरू कुठून होतो? वर जाणाऱ्या डांबरी रस्त्यापासून! त्याआधी तिथं काय माकडं राहत होती?

महामारीत गाव अर्धं रिकामं झालं, तेव्हा उरलेल्यांनी वावरातले दगड डोक्यावर वाहून ते चॅपल उभं केलं. तेव्हापासूनची आपली रीत आहे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून उचलायचा, यात्रेला पायी वर न्यायचा आणि चॅपलच्या ओट्यात बसवायचा. भगवानराव, तुमच्या आजोबांचाही होता ना तिथं? ते हिंदू होते म्हणून मातेनं काही तो परत पाठवला नाही.

मागच्या उन्हाळ्यात रस्ता झाला. फादरांना वाटलं, म्हाताऱ्यांचे हाल वाचतील. हेतू चांगला होता, मान्य. पण ओटा मोडून त्याचे दगड रस्त्याखाली दाबताना गावात एकाला तरी विचारावंसं वाटलं नाही?

माझी आई, मथुराबाई, पहिल्यांदा गाडीनं वर गेली. उतरली आणि ओटा शोधू लागली. "फादर, माह्या माणसाचा दगड कुठी हाय?" फादर हसून म्हणाले, तो रस्त्याच्या कामी आला, आजी. आईनं खाली वळणाकडे पाहिलं.

"म्हंजे मी गाडीत बसून त्याच्या अंगावरून आली?"

ती गाडीत परत बसली नाही. रस्ता सोडून काट्याकुट्यातून उतरली. त्यानंतर टेकडी चढलीच नाही. अन् लोक मलेच म्हणतात, कोकिळे, शांत राह्य. कायले राहू?

असो. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ घसरली असेल तर पोटात घाला. फादर, शाल मंडळाच्या वतीनं मीच घालणार आहे. पण आई तिकडे दुसऱ्या रांगेत बसलीय, आता थकलीय. जाण्याआधी तिच्यासमोर एवढं सांगून जा: तिच्या नावाचा दगड मी कुठं लावू?