तिची ढाक

शिरवण्याच्या स्टॉपवर बस काही येईना. रांगेत पुढे मायलेकी होत्या, आणि नको म्हटलं तरी सुचिताला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. लेकीच्या गळ्यात आजच हरलेल्या कुस्तीच्या फायनलचं रौप्यपदक होतं.

"आज जी जिंकली, तिच्या विरुद्धच्या अर्जावर सही केलीस न्हवं?"

"केली ना, आई. होऊ दे तिची टेस्ट."

"आन् मग मोबाइलवर तिचीच कुस्ती कशापायी बघतीस? सुया टोचून जिंकती ती."

"असेल. मला पण डाऊट आहे."

"तीनदा पाडलं तुला. तरी कौतुक?"

"तिच्या ढाकेचं. सुईने ताकद येत असेल, असा डाव नाही येत. मान दे, दाखवते."

"आगं, रांगेत हाय आपण."

"दे तर."

लेकीनं आईच्या मानेत हात घातला, गर्रकन वळून तिला कमरेवर घेतलं, आणि आईच्या चपला जमिनीवरनं सुटल्या. सुचिता दोन पावलं मागं सरली. लेकीनं आईला अलगद उभं केलं.

"बघितलंस? मला कळायच्या आत मी आडवी असते."

आईनं पदर सारखा केला.

"परत कर."

"बस आली, आई."

"जाऊ दे ती. हळू कर."

लेक पुन्हा वळू लागली.

"थांब. अशीच ऱ्हा. वळताना तू एका पायावर येतीस बघ. तीबी येत असंल."

"येते."

"मग सुई असू दे न्हाईतर नसू दे. पुढच्या टायमाला तितंच उचल तिला."