सूपमधलं दूध

(शाळेच्या कँटीनचं ऑफिस. दुपारची वेळ.)

आई : बसा बसा करू नका मला. लेक आत्ता हॉस्पिटलमधून घरी आलीय माझी. ओठ हे एवढे सुजले होते, श्वास घेता येईना तिला. सूपमध्ये दूध नसतं, हे तुम्हीच मला लिहून दिलं होतं ना?

व्यवस्थापक : आणि नसतंच, बाई. थेंबभरही नसतं. विचारा यांना, सूप याच करतात.

स्वयंपाकीण : दूध नाही घालत. पावडर घालते.

आई : कसली पावडर?

व्यवस्थापक : प्रोटीन पावडर. मुलांच्या अंगी लागावं म्हणून सोमवारपासून सुरू केली. सूपही छान दाट होतं. चांगल्यासाठीच केलं हो!

आई : डबा कुठाय तिचा?

स्वयंपाकीण : हा घ्या. मी येतानाच आणला.

आई : ‘दुधातील प्रथिने’. एवढं ढळढळीत छापलंय!

व्यवस्थापक : अहो, दूध वेगळं, प्रोटीन वेगळं.

आई : तिला त्या प्रोटीनचाच त्रास आहे! शाळा सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या हातात दिली होती. उघडून तरी बघितलीत?

व्यवस्थापक : तीनशे मुलं जेवतात इथे. एकीसाठी सगळ्यांचं बंद करू? तुम्ही तिला घरून डबा देत जा, विषय संपला.

आई : बंद करा म्हणतंय कोण? मला एक फोन करायचा होता! डबाच काय, रोज स्वतः येऊन भरवलं असतं तिला.

स्वयंपाकीण : साहेब, मी विचारलं होतं तुम्हाला. त्या पहिलीतल्या मुलीला चालेल का म्हणून.

व्यवस्थापक : तुम्ही मधे बोलू नका.

स्वयंपाकीण : तेव्हाही असंच म्हणालात. चमचाभराने काय होतंय, म्हणालात. आता मुख्याध्यापकांसमोर बोलते. चला ताई.

व्यवस्थापक : नोकरीचा विचार करून पाऊल उचला.

स्वयंपाकीण : सकाळपासून तोच करतेय.

आई : थांबा जरा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

स्वयंपाकीण : नक्की नव्हतं. शंका होती.

आई : शंका होती, तरी दिलंत?

स्वयंपाकीण : हो. गरम होतं, म्हणून फुंकर घालून दिलं.