लंगडं पाऊल

रुईफेन : सतरा नावं मोजली मी, मेंगकाका. छिन्नी खाली ठेवा. अठरावं राहिलंय.

मेंग : माझ्याकडे काय बघतेस, पोरी? पांग गुरुजींनी यादी दिली, मी समाधीच्या दगडावर कोरली.

पांग : यादी बरोबर आहे. लू गुरुजींचे शिष्य सतराच.

रुईफेन : आणि मी कोण, त्येशानदादा?

पांग : मुलगी. कोरलंय की खाली, 'कन्या रुईफेन'.

रुईफेन : मुंगीएवढ्या अक्षरात! सहा वर्षांची असल्यापासून बाबांनी मला पहाटे खळ्यावर मुष्टियुद्धाच्या चालींत घुमवलंय. तुझा तेव्हा पत्ताही नव्हता.

पांग : आवाज खाली! गुरुजींना जाऊन शंभर दिवससुद्धा झाले नाहीत. शिष्य कोण? साक्षीदारांसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून ज्यानं गुरूच्या हातात चहा दिला, तो. तू दिलास?

रुईफेन : चाळीस वर्षं रोज दिला! शेवटी तर चमच्यानं पाजला. तेव्हा तुम्ही सतरा जण कुठं उलथला होतात?

पांग : तो मुलीचा चहा. शिष्येचा म्हणून गुरुजींनी कधी घेतला नाही. मुलगी परक्या घरी जाणार, विद्या तिकडं जाणार.

रुईफेन : नाही घेतला, खरंय. शवपेटीला खिळे ठोकतानाही तो राग माझ्या पोटात होता. पण विद्या मला दिली. तुला न दिलेली.

पांग : तोंड सांभाळ! अख्ख्या त्सांगचौ शहरात पाचवी चाल माझ्याइतकी हुबेहूब कुणाची नाही.

रुईफेन : हुबेहूब! डावं पाऊल अर्धंच टाकायचं, अडखळायचं, मग वळायचं. तीच ना?

पांग : तेच तर आपलं गुपित. समोरच्याला चकवणारं पाऊल. तीनशे जणांना शिकवलंय मी.

रुईफेन : अरे शहाण्या, ते लंगडणं आहे! मी अकरा वर्षांची असताना खळ्यावरचा दगडी रूळ बाबांच्या गुडघ्यावरून गेला. तू आलास त्याच्या पुढच्या वर्षी. मोडक्या गुडघ्याला विद्या समजून बसलास!

पांग : साफ खोटं. मग ते बोलले का नाहीत?

रुईफेन : गुडघा गेला म्हणून शिष्यांपुढे कबूल करतील? बाबा? मलाही तोंड उघडू दिलं नाही.

मेंग : गुरुजी, तो रूळ माझ्या बापानं घडवलेला. त्यानंतर वर्षभर शरमेनं तो लूंच्या दारात गेला नव्हता.

पांग : ...मग खरी चाल कुठाय?

रुईफेन : बघ.

(रुईफेन कोट काढते. दगडांमधल्या मोकळ्या जागेत उभी राहून पाचवी चाल पुरी करते.)

मेंग : बाप रे!

पांग : परत. ते डावं पाऊल परत दाखव.

रुईफेन : असं नाही दाखवत, त्येशानदादा. विद्या मागायची रीत आत्ता तूच सांगितलीस.

मेंग : मग गुरुजी, ते अठरावं नाव...

पांग : थांब रे जरा. तुझ्या थर्मासात चहापुरतं गरम पाणी आहे का?