तीस हात जाडा दोरा

अबे, कारध्याले मामाकडं काय झालं माहीत आहे? नव्या रिळावर मी सगळ्यात जाडा दोरा भरला, म्हटलं मोठा मासा लागला तरी तुटला नाही पाहिजे. मामा म्हणे, "भाचेबुवा, जाडा दोरा तीसच हात मावला. मासा लांब पळाला त?"

"पण तुटत त नाही ना मामा!"

वैनगंगेत गळ टाकला, तेवढ्यात मासा लागला. सरसर पळाला अन् रीळ रिकामं! दोरा तुटेना, मी काठी सोडेना. गाळावरून घसरत मी पाण्यात जाऊन राहिलो, तर मामानं झेप घेऊन माझे दोन्ही पाय धरले. काठी-रीळ गेलं, मी वाचलो.

"सॉरी मामा."

चिखलात पालथा पडलेला मामा हसला, "काहून? आपल्याकडं मामाले भाच्याच्या पाया त पडाच लागते. आज जरा जोरात पडलो!"