देवदूताचा चष्मा

फादर : ते सगळं ठीक आहे हो, पण या दगडी देवदूताला चष्मा कशाला, एवढं मला आधी सांगा.

पाथरवटबाई : फोटोत होता.

फादर : कुठल्या फोटोत? मी तुम्हाला चित्र पास करून दिलं होतं. साधा देवदूत, हात जोडलेले, मान खाली. ते कुठे गेलं?

पाथरवटबाई : हे काय. आणि त्याला टाचणीने लावलेला हा फोटो. काकांनी आणून दिला.

शिंपी : तारखांसाठी दिला होता, फादर. बायकोची जन्मतारीख आणि गेल्याची तारीख. दुकानात कागद सापडेना, म्हणून तिच्या फोटोच्या मागे लिहिल्या.

पाथरवटबाई : मागे तारखा, पुढे चेहरा. तुमच्या चित्रात तोंडाच्या जागी नुसता गोल होता. मी म्हटलं, गोलात हे भरायचं असेल.

फादर : एकदा विचारावंसं नाही वाटलं?

पाथरवटबाई : थडग्याचं काम आहे. लोकांना जास्त विचारलं की रडतात, मग ते आवरेपर्यंत माझी सकाळ जाते.

फादर : आणि देवदूत रागावलेला का दिसतोय?

शिंपी : तो राग नाही. फोटोग्राफरला सांगत होती, मागचा पडदा वाकडा लागलाय म्हणून. लागलाही होता वाकडा.

फादर : असो. काका, तुम्ही काळजी करू नका. चूक कारखान्याची आहे. बाई चेहरा घासून साधा करून देतील. रविवारी चर्चमध्ये तिच्या वर्षाची मिस्सा आहे, त्याआधी थडग्यावर बसेल.

शिंपी : राहू दे.

फादर : काय राहू दे?

शिंपी : चेहरा. छान जमलाय. नाक तर हुबेहूब. हनुवटीखालचा तीळसुद्धा सोडला नाही बाईंनी.

पाथरवटबाई : तो आधी मला फोटोवरचा डाग वाटला होता. भिंगातून बघितलं.

फादर : काका, ऐका. दफनभूमीत काय बसवायचं त्यावर माझी सही लागते. वर्षभर मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना सांगतोय की माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. आणि रविवारी तीच पोरं हे बघणार.

शिंपी : होत नाही?

फादर : नाही. देवदूत वेगळे, माणसं वेगळी. देवाने त्यांना आधीच निर्माण केलंय. तिथे नवीन भरती नसते.

शिंपी : पण सगळे तर तसंच म्हणतात. तिला माती दिली त्या दिवशी निदान वीस जणांनी मला सांगितलं, आता ती देवदूत झाली.

फादर : धीर द्यायला बोलतात माणसं.

शिंपी : तुम्ही शेजारीच उभे होतात. तेव्हा काही बोलला नाहीत.

फादर : ती वेळ नव्हती, काका.

शिंपी : मी वर्षभर तेच धरून बसलोय.

फादर : हं.

शिंपी : बाई, तोवर एक विचारू का? हे पंख झग्यातून बाहेर आले कसे? पाठीला ना चीर, ना काज, ना बटण.

पाथरवटबाई : पाठ भिंतीकडे जाणार, काका. कोण बघतंय.

शिंपी : तिने बघितलं असतं. शिवलेल्या कपड्याची ती आधी आतली बाजू उलटून बघायची. गिऱ्हाईकासमोर.

फादर : मुळात बहुतेकांना पंखच नसतात. देहच नसतो त्यांना, ते आत्मे आहेत. शास्त्रात काहींना सहा पंख आहेत म्हणा, पण एरवी साध्या माणसासारखे येतात. लोक त्यांना जेवायला वाढतात आणि पाहुणा कोण होता ते मागाहून कळतं. हे असले पंख चित्रकारांनी लावलेत.

पाथरवटबाई : माझे अकरा दिवस गेले पंखांत.

फादर : आणि ते गोडगोजिरेही नसतात. देवदूत समोर आला की त्याचं पहिलं बोलणं असतं, भिऊ नका. कारण समोरचा गार पडलेला असतो.

शिंपी : मग तीच.

फादर : काका.

शिंपी : खरं सांगतो. ती दुकानाची पायरी चढली की माझ्या हातातली कात्री थांबायची. आणि शेवटच्या दिवशी इस्पितळात मलाच म्हणाली, अहो, घाबरू नका, मी आहे ना. मरायला टेकलेली ती, आणि धीर मला.

फादर : काका, एक मनापासून सांगाल? ती देवदूतच व्हायला हवी, असं का?

शिंपी : देवदूत जवळ असतात म्हणून. राखण करतात, तुम्हीच शिकवता. आणि ती देवदूत नसेल, नुसती मेलेली असेल, तर मग आता कुठे आहे ती? संध्याकाळी दुकान बंद करून घरी जातो आणि किल्ली हातात घेऊन दाराबाहेर उभा राहतो. आत जाववत नाही. मग मनाशी म्हणतो, असेल इथेच कुठेतरी, आणि कुलूप उघडतो. तेवढ्यावर माझं चाललंय, फादर.

फादर : तुमचा राखणदार दूत तुमच्याजवळ आहेच. जन्मल्यापासून. प्रत्येकाला एक असतो.

शिंपी : असेल. सदुसष्ट वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही, जेवलात का म्हणून.

(पाथरवटबाई फडक्याने पुतळ्याच्या चष्म्यावरची धूळ पुसते.)

फादर : काका, तुम्ही तिला वर चढवायला बघताय, आणि प्रत्यक्षात खाली उतरवताय.

शिंपी : ते कसं काय?

फादर : संत पौलाच्या पत्रात आहे. शेवटी आपण देवदूतांचा न्याय करणार. आपण माणसं, त्यांचा.

शिंपी : म्हणजे ते सगळे तिच्यासमोर उभे राहणार?

फादर : अगदी तसंच असं नाही, पण… हो. तसंच.

शिंपी : आणि ती त्यांना तपासणार.

फादर : असं म्हणायला हरकत नाही.

शिंपी : आतली बाजू उलटून. बिचारे.

फादर : आणि दुसरं. देवदूताला देह कधीच मिळायचा नाही. माणसाला त्याचा देह परत मिळणार आहे. दर रविवारी चर्चमध्ये आपण उभं राहून तेच तर म्हणतो. ती परत उठेल ती तीच असेल, काका. हेच नाक, हीच हनुवटी.

पाथरवटबाई : आणि तीळ?

फादर : तिळाबद्दल शास्त्रात काही नाही. असावा.

शिंपी : तीच? तिच्यासारखी दुसरी कुणी नाही?

फादर : तीच.

शिंपी : आणि मला ओळखेल?

फादर : कसं ते मला सांगता येणार नाही. पण ओळखेल. मी स्वतः याच भरवशावर आहे. माझी आई आहे तिकडे.

शिंपी : बाई, पंख काढा.

पाथरवटबाई : अकरा दिवस, काका.

शिंपी : काढायला किती लागतील?

पाथरवटबाई : दुपारपर्यंत उतरतील. पाठीवर दोन वण राहतील मात्र.

शिंपी : पाठ भिंतीकडे जाणार ना.

फादर : थांबा जरा. पंख गेले की हा देवदूत उरत नाही. नुसती एक बाई हात जोडून उभी आहे.

शिंपी : त्याला सही मिळेल?

फादर : त्याला कुणाची ना असणार? द्या इकडे कागद. इथे आकृती म्हणून देवदूत लिहिलंय, ते खोडतो. काय लिहू?

शिंपी : बायको लिहा.

फादर : बायको. ही घ्या सही.

पाथरवटबाई : काका, चष्म्याचं काय? दांडी अगदी नाजूक आहे. पंखांवर घाव घालताना तुटली तर परत जोडता येणार नाही. आणि नव्या देहात नजर चांगलीच असेल ना, फादर?

फादर : असायला हवी.

पाथरवटबाई : मग आधीच काढून टाकते.

शिंपी : नको. सावकाश करा, उद्यापर्यंत लागला वेळ तरी चालेल, पण चष्मा राहू दे. तिथे गर्दी असणार, आणि चष्म्याशिवाय ती मला दोन हातांवरून ओळखत नसे.