पुलावरच्या बाईचं पुढे काय झालं

ताई : गंज! दोनशे चाळीस पानं नुसता गंज, भिंगरी! पूल कुठाय? ती बाई कुठाय?

भिंगरी : तू माझं पुस्तक का उघडलंस?

ताई : तुझं कसलं? गिऱ्हाइकाचं आहे, आईकडे बाइंडिंगला आलेलं. शुक्रवारी परत जायचं होतं, पण तो माणूस न्यायलाच आला नाही. म्हटलं, बरंच झालं. बुधवारी जेवताना तू नेमकं अर्ध्यावर सोडलंस. पूल उघडलाय, खालून जहाज चाललंय, आणि जहाजावर त्या बाईचा हरवलेला भाऊ! तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. म्हणून आज आई कामात आहे बघून गुपचूप घेऊन बसले. पहिलं प्रकरण, लोखंडाला गंज का चढतो. दुसरं प्रकरण, गंज कसा खरवडावा. तिसऱ्यात तरी बाई येईल म्हटलं, तर तिसऱ्यात रंगाचे डबे!

भिंगरी : मधलं पान बघ ना. ते मोठं, दुमडलेलं.

ताई : बघितलं. पुलाचं चित्र आहे.

भिंगरी : आणि पुलावर बाई आहे.

ताई : मुंगीएवढी! बाई आहे की खांब आहे तेही कळत नाही.

भिंगरी : बाईच आहे. हात कपाळावर धरून बघतेय. म्हणजे ना, लांबून काहीतरी येतंय.

ताई : आणि तिचा भाऊ? तो कुठल्या पानावर आहे?

भिंगरी : तो... जहाजात आत बसलाय. दिसत नाही.

ताई : वा! अगं, कंटाळा आला म्हणून थाप मारली, असं सरळ म्हण की. गंजाचं पुस्तक मलाही वाचवलं नसतं. मी काही आईला सांगायला जात नाही.

भिंगरी : हो. कंटाळा आला.

ताई : मग मागच्या आठवड्यातलं? तो आंधळा न्हावी, जो फक्त आवाजावरून केस कापायचा?

भिंगरी : तोही... थोडा कंटाळाच आला होता.

ताई : आणि त्याच्या आधीचं, बर्फात अडकलेली शाळा? ती तर खरी होती ना? भिंगरे, त्या शाळेसाठी मी रडले होते!

भिंगरी : मला माहितीये. मला खूप छान वाटलं होतं.

ताई : म्हणजे दर आठवड्याला तू गोष्टी सांगतेस आणि मी जळत बसते, की हिच्याच वाट्याला चांगली पुस्तकं कशी येतात आणि माझ्या वाट्याला मेले खडकांचे प्रकार. थांब. हे घे. पहिली ओळ वाच.

भिंगरी : माझा घसा दुखतोय.

ताई : आत्ता तर पायऱ्यांवर ओरडत होतीस.

भिंगरी : म्हणूनच दुखतोय. आणि मला ना, चष्मा लागलाय बहुतेक.

ताई : काल समोरच्या गच्चीवरच्या मांजराच्या मिशा मोजत होतीस तू. वाच.

भिंगरी : लोखंड... हे... आपल्याला...

ताई : तिथे लोखंड नाहीये. तिथे 'प्रस्तावना' लिहिलंय.

भिंगरी : मला येत नाही, ताई.

ताई : काय येत नाही?

भिंगरी : वाचता.

ताई : काहीतरीच! नऊ वर्षांची आहेस तू. आणि तुझी शुद्धलेखनाची वही? ती काय भुतं लिहून जातात?

भिंगरी : बघून काढते. पेला काढते, मांजर काढते, तसंच.

ताई : आणि अक्षर माझ्यापेक्षा सुंदर! आई उठता बसता मला ऐकवते, 'भिंगरीचं बघ जरा.' गणितं?

भिंगरी : ती तू वाचून दाखवतेस ना. 'ताई, तुझ्या आवाजात ऐकलं की पटकन कळतं' असं म्हटलं की तू खूश होतेस.

ताई : देवा! होते खरी. पण हे झालं कसं? आईने तुला अक्षरं शिकवली होती. मी स्वतः पाहिलंय. खिडकीखाली पाटी घेऊन बसायचात.

भिंगरी : 'ण'पर्यंत शिकवली. मग बाबांचं ऑपरेशन आलं. आई दवाखान्यात जाताना म्हणाली, पुढचं ताई घेईल.

ताई : मला कोणी काही सांगितलं नाही!

भिंगरी : मी सांगायचं होतं. पण तू तेव्हा स्वयंपाक करत होतीस, आणि हात भाजून घेत होतीस, आणि चिडत होतीस. तू एकदा विचारलंस, आईकडे वाचन झालं ना तुझं? मी म्हटलं, झालं. मग बाबा बरे झाले, आई परत आली. तिने विचारलं, ताईकडे झालं ना सगळं? मी म्हटलं, झालं.

ताई : आणि तिला वाटलं मी शिकवलं.

भिंगरी : तुला वाटलं तिने.

ताई : आणि तू तीन वर्षं आमच्या मध्ये मजेत!

भिंगरी : मजेत नाही गं. दर शनिवारी आई आठवड्याच्या नोंदींची वही काढते, 'बोल, काय वाचलंस?' म्हणते, आणि तू डोळे मोठे करून बघत बसतेस. तेव्हा मला वाटतं, आज पकडणार. आणि पकडत नाही. मग आणखी भीती वाटते.

ताई : रडू नकोस. नाक पूस. माझ्या बाहीला नको! अगं, पण परवा सोमवार.

भिंगरी : म्हणूनच तर रडतेय.

ताई : तपासणीच्या बाई येणार. नऊ पूर्ण झाली की वाचून घेतात. माझं घेतलं होतं तेव्हा तू पलंगाखाली बसून ऐकत होतीस.

भिंगरी : नाही आलं तर काय करतात?

ताई : घरचा अभ्यास बंद. शाळेत नाव घाला म्हणतात.

भिंगरी : माझं?

ताई : दोघींचं असणार. शिकवणारी एकच आहे ना, आई. तिलाच नापास केलं की दोघी आल्याच. आणि आत्या आहेच टपून. 'पुठ्ठे चिकटवता चिकटवता पोरी अडाणी ठेवशील', असं सगळ्यांसमोर म्हणाली होती आईला. आई काही बोलली नाही, पण आठवडाभर तिचे टाके वाकडे पडत होते.

भिंगरी : तुला नाही जायचं ना शाळेत?

ताई : मला इथेच राहायचंय. सकाळी हृदयाच्या झडपा, दुपारी घड्याळ उघडायचं, मधेच वाटलं तर खडक. शाळेत घंटा झाली की झडपा बंद. नको बाई. थांब, रडू नको म्हटलं ना! मला विचार करू दे. बाई काय म्हणाल्या होत्या? 'तुझं आवडतं पुस्तक आण आणि त्यातलं एक पान वाच.' आपलं पुस्तक. आपलं पान. भिंगरी, तुझं पाठांतर कसं आहे?

भिंगरी : तुझ्या खडकांची चोपन्न नावं म्हणून दाखवू?

ताई : नको! हे घे, डोंगर चढण्याचं पुस्तक, आपल्या कपाटातलं. ऐक. 'उतरताना घाई करू नये. चढताना माणूस दमतो, पण पडतो तो उतरताना. ओल्या दगडावर आधी टाच टेकवावी, मग भार द्यावा. सोबतचा मागे राहिला असेल तर थांबावे.' म्हण.

भिंगरी : उतरताना घाई करू नये. चढताना माणूस दमतो, पण पडतो तो उतरताना. ओल्या दगडावर आधी टाच टेकवावी, मग भार द्यावा. सोबतचा मागे राहिला असेल तर थांबावे. तेवढ्यात धुक्यातून कोणीतरी हाक मारली.

ताई : हे कुठे लिहिलंय?

भिंगरी : नाही लिहिलं? लिहायला हवं होतं.

ताई : भिंगरे! आहे तेवढंच. आणि बोट फिरव ओळीखाली. तू 'दगड' म्हणशील तेव्हा बोट इथे, ओळ संपली की खाली. हं, पुन्हा.

भिंगरी : उतरताना घाई करू नये. चढताना माणूस दमतो, पण पडतो तो... उतर... उतरताना. ओल्या दगडावर आधी टाच टेकवावी, मग भार द्यावा. सोबतचा मागे राहिला असेल तर थांबावे.

ताई : मधे अडलीस का? एकदा तर घडाघडा म्हटलंस.

भिंगरी : मुद्दाम. खरं वाटायला. अगदी घडाघडा म्हटलं तर बाईंना संशय येईल.

ताई : आण ते पुस्तक इकडे.

भिंगरी : काय झालं? चुकलं?

ताई : नाही. बोटसुद्धा बरोबर फिरलं. मला माहीत नसतं तर मीही फसले असते.

भिंगरी : मग हस की! तोंड का पाडलंस?

ताई : तू सोमवारी पास होणार.

भिंगरी : हो!

ताई : बाई सही करून जाणार, आई खूश होणार, आणि मग कोणी कधीच विचारणार नाही. तुला कळतंय का? सगळे म्हणतील, हिला येतं. दहाव्या वर्षीही येतं, पंधराव्या वर्षीही येतं. औषधाची बाटली हातात आली तर काय करशील?

भिंगरी : तुला विचारेन.

ताई : आणि मी नसेन तेव्हा?

भिंगरी : तू कुठे जाणार आहेस?

ताई : कुठेही जाईन! मोठी होईन! मला भीती वाटतेय, भिंगरी. तुला इतकं छान जमतंय ना, त्याचीच भीती वाटतेय. मी आईला हाक मारते.

भिंगरी : नको ना! तू म्हणालीस सांगणार नाही!

ताई : ते गंजाचं म्हणाले होते.

भिंगरी : आई रडेल. मग शाळा. मग तुझ्या झडपा, तुझं घड्याळ, सगळं माझ्यामुळे जाईल. तू मला आयुष्यभर बोलत बसशील.

ताई : बोलेन. चांगली दोन वर्षं बोलेन. मग थांबेन. खरं सांग, तुला वाचायचंय की नाही?

भिंगरी : तुला काय वाटतं? तू पुस्तकात तोंड घालून एकटीच हसतेस. मी विचारते काय झालं, तर म्हणतेस, थांब, हे पान संपू दे. मी केव्हाची थांबलेय, ताई. मला कोणी आत घेत नाही म्हणून मी बाहेर बसून गोष्टी करते.

ताई : मग हाक मारू?

भिंगरी : ...तू नको. ती येईलच आता. मी बघते.

(आई येते. बोटांना खळ लागलेली, काखेत शनिवारची वही.)

आई : चला गं, आज लवकर उरकू. तीन पुस्तकं दाबाखाली ठेवलीत, ती वाळायच्या आत मला पुठ्ठे कापायचेत. आणि नीट बोला हं दोघी, सोमवारी बाई ही वही चाळणार. ताई, तू आधी. वाचन?

ताई : खडकांचं. संपलं एकदाचं.

आई : 'चिकाटीने पूर्ण केले.' अभ्यास?

ताई : हृदयाच्या झडपा. आकृती काढली.

आई : छंद?

ताई : गजराचं घड्याळ उघडलं आणि परत जोडलं. दोन स्क्रू उरले, तरी चालतंय.

आई : स्क्रूंचं नाही लिहीत. आता आमची भिंगरी. आधी ते पुलाचं सांग बाई. बुधवारपासून माझा जीव टांगणीला लागलाय. भावाने ओळखलं का तिला?

भिंगरी : आई, मी सांगेन तसंच लिहिशील?

आई : लिहितेच की दर आठवड्याला.

भिंगरी : छान करून नाही. स्क्रू सोडतेस तसं नाही. जसंच्या तसं.

आई : बरं बाई, जसंच्या तसं. बोल.

भिंगरी : या आठवड्यात भिंगरीने एकही पुस्तक वाचलं नाही.

आई : अर्धं राहिलं का? मग 'वाचन चालू' असं...

भिंगरी : नाही. मागच्या आठवड्यातही वाचलं नाही. त्याच्या मागच्याही नाही. भिंगरीला 'ण'पर्यंत अक्षरं येतात आणि पुढची येत नाहीत, आणि जोडाक्षरं तर अजिबातच नाहीत. गोष्टी तिच्या तिने केल्या. लिही ना, आई. पेन का थांबलं?

आई : ताई, ही काय बोलतेय?

ताई : खरं बोलतेय. मला आत्ताच कळलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मला वाटलं, तू शिकवलंस.

आई : मी? अगं, मला तर वाटलं तू... मी हिला विचारलं होतं. याच दारात उभं राहून विचारलं होतं.

भिंगरी : मी झालं म्हटलं. तू इतकी दमली होतीस. नाही झालं म्हटलं असतं तर तुला पुन्हा बसावं लागलं असतं.

आई : अरे देवा. दर शनिवारी माझ्या हाताने लिहिलंय मी. 'भिंगरीला वाचनाची दांडगी आवड.' गावाची पुस्तकं शिवते, आणि एकदाही म्हटलं नाही, बाळा, एक ओळ वाचून दाखव. एकदाही नाही.

ताई : आई, आम्ही एक पान पाठ केलंय. तिला येतं. सोमवारी बाईंना कळणारसुद्धा नाही. पण मला वाटतं, नको.

आई : नकोच. बाई आल्या की दारातच सांगेन मी. मग त्यांना जे लिहायचं ते लिहू देत.

भिंगरी : मग शाळा?

आई : कदाचित. मला माहीत नाही, राणी.

ताई : लागली तर लागली. मी जाईन हिच्याबरोबर.

भिंगरी : आई, तू माझ्यावर रागावलीस?

आई : थोडी. तुझ्यावर थोडी, माझ्यावर पुष्कळ. ते जाऊ दे. लिहू दे मला आधी.

भिंगरी : आणि पुठ्ठे? दाबातली पुस्तकं वाळतील.

आई : वाळू देत.

भिंगरी : काय लिहिलंस?

आई : तू सांगितलंस तेच, जसंच्या तसं. ये, अशी जवळ बस. बोट ठेव इथे. हे पहिलं अक्षर कोणतं?

भिंगरी : चुकलं तर?

आई : चुकलं की मला कळेल.